उजव्या पुढच्या चाकाचा आवाज

२ ऑक्टोबर

आलो एकदाचे! घर छोटंसंच आहे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा डोंगर दिसतो. ऑरिनने सामान उतरवायच्या आधी त्याच्याकडे बघून घेतलं आणि म्हणाला, हा तर नजरेच्या वाटेतच उभा आहे. नॉर्थ डकोटात आमच्याकडे म्हणतात की कुत्रा पळून गेला तर तीन दिवस दिसत राहतो. अशा सपाट मुलखातून थेट आयडाहोच्या डोंगरात आलो आम्ही, या वयात. लोक नातवंडं सांभाळतात आणि मी नोकरीला लागले आहे!

पोस्टमास्तरीण बर्निस कोल संध्याकाळी हकलबेरीची, म्हणजे इथल्या रानफळांची, गोड पाई घेऊन आली. उंच, हाडकुळी, तोंडाने फटकळ. तिने दारातूनच विचारलं की सपाटीवाल्यांनो, चढताना दम लागला का, आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन सुरी शोधायला लागली. मला ती फार आवडली.

ही नोकरी मी माझ्यासाठी धरली असं सगळ्यांना सांगितलंय. खरं कारण इथे लिहिते. ऑरिन चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करत होता. मालकाने वर्कशॉप विकलं, तेव्हापासून तो खुर्चीत बसून टीव्हीवरचं हवामान बघतो. पान्हा हातात धरलेला नाही, शीळ घातलेली नाही. डोक्यावरची हिरवी टोपीसुद्धा काढत नाही, जेवतानाही नाही. म्हटलं, जागा बदलली तर माणूस बदलेल. माझा नवरा मला परत हवा आहे, एवढंच.

५ ऑक्टोबर

आज माझ्याआधीचा टपालवाला हॉलिस मला रस्ता दाखवायला आला. गुडघा बदलून घेतल्यामुळे त्याने काम सोडलंय. म्हातारा बोलतो कमी आणि तंबाखू थुंकतो जास्त. इथे टपाल स्वतःच्या गाडीतून वाटायचं असतं, म्हणून त्याचीच जुनी जीप आम्ही घेतली. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं, पण हिचं उजवीकडे आहे. रस्त्याच्या कडेच्या घरोघरच्या टपालपेट्या बरोबर माझ्या खिडकीशी येतात, उतरावं लागत नाही. दर पेटीला थांबा, टाका, निघा. ब्रेकचा पाय दिवसभर वर-खाली.

गाव वर आणि बरीचशी पशुपालकांची घरं खाली नदीकाठी, मध्ये हॅकेट घाट. दुसरा रस्ताच नाही. घाटाच्या मधोमध एक रुंद मोकळी जागा आहे. बर्फात घसरू नये म्हणून मालट्रकवाले तिथे थांबून चाकांना साखळ्या बांधतात. हॉलिसने बजावलं की वरच्या वळणालाच दुसरा गियर टाक आणि साखळ्यांच्या जागेवरून जाताना ब्रेकला पाय लावू नकोस. का म्हणून विचारलं तर म्हणाला, ब्रेक तापतात. त्यात काय खोटं होतं! मला वाटलं, घाटातली माणसं, त्यांना घाटातलं कळणारच.

तरी माझा पाय जातच राहिला. सपाटीचा पाय तो. खाली पोहोचेपर्यंत जळका वास सुटला आणि पेडल पार खाली गेलं. पुलाचा कठडा समोर दिसत होता. कशीबशी थांबले. हॉलिसने फक्त तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

रात्रीच्या जेवणाला हे सांगितलं. ऑरिनने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, उद्या चाकं काढून बघतो. वर्षभरात एवढं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

९ ऑक्टोबर

नवे ब्रेक बसले! चाकामागच्या तबकड्या, म्हणजे डिस्क, मूळच्यापेक्षा मोठ्या आणि त्यांना चिमट्यासारखे पकडणारे दुप्पट जोराचे लाल कॅलिपर. खोकी पोस्टानेच आली, म्हणजे मीच वाहून आणली. ऑरिन दोन दिवस गाडीखाली होता. मी आतून ब्रेक दाबत होते आणि तो खालून नळ्यांमधली हवा काढत होता. आमची जुनी खूण आहे. त्याने पत्र्यावर एकदाच टक केलं की सोड किंवा चल, दोनदा टक टक केलं की दाब आणि थांब. लग्न झालं तेव्हापासून त्याचे ट्रॅक्टर मागे-पुढे घेताना हीच खूण. माझ्या पायाला ती डोक्याच्या आधी कळते.

दुपारी तो शीळ घालत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि तव्यावरचं जळू दिलं.

नवे ब्रेक मुरवावे लागतात. ऑरिनने मला सगळं समजावलं आणि मी शहाण्या मुलीसारखं ऐकलं. गाडी पळवायची, जोरात ब्रेक दाबायचा, पण पुरती थांबायच्या आत सोडायचा आणि परत पळवायची. असं बऱ्याचदा. डिस्कला घासणाऱ्या पॅडमधल्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. फक्त एक करायचं नाही. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी करायची नाही. केली तर पॅड तिथल्या तिथे चिकटतो, डिस्कवर त्याचा ठसा उठतो आणि मग चाकाच्या दर फेरीला तो ठसा फिरून येतो. ऑरिन म्हणाला, जिथे थांबलीस ती जागा घेऊन फिरशील.

हॉलिसने सांगून पाठवलंय की मुरवायला नदीकाठच्या सपाट रस्त्यावर जा. ऑरिन हसला. सपाटीवर तर कुणाचेही ब्रेक लागतात म्हणाला.

१० ऑक्टोबर

रविवार. ब्रेक मुरवले. पण पाहिजे तसे नाहीत.

सकाळी पावसात मिसळून बर्फ पडत होतं. मी चालवत होते, ऑरिन डावीकडे बसून हाताने ताल धरावा तसं ‘दाब, सोड, पळव’ म्हणत होता. घाटात गाडी नुसती चिकटून चालली होती, काय ब्रेक आहेत! धुराचा वास यायला लागला तेव्हा तो खुशीत म्हणाला की हाच वास, आता शेवटचे दोन-तीन.

साखळ्यांच्या जागेवर एक माणूस उभा होता. लाल चौकटींचं जाकीट, डोक्याला काही नाही, एक हात वर.

ऑरिन ओरडला, थांबू नकोस. मग त्याला माणूस दिसला आणि तो म्हणाला, थांब, थांब.

आमच्या मुलखात हा एकच नियम आहे. हिमवादळात रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस सोडून कुणी पुढे जात नाही. वैरी असला तरी गाडीत घेतात. कारण पुढची गाडी कधी येईल सांगता येत नाही. माझ्या वडिलांनी मला गाडी शिकवली त्याच्या आधी हे शिकवलं होतं. मी पाय दाबून गाडी उभी केली आणि काच खाली केली.

कुणीच नव्हतं.

ऑरिन उतरला. दरीच्या कडेपर्यंत गेला, हाका मारल्या. माझा पाय सगळा वेळ ब्रेकवर होता, उतारच तसा होता. तो परत आला तेव्हा त्याच्या टोपीवर बर्फ साचलं होतं. एल्कच्या, इथल्या त्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला आलेला कुणीतरी असेल, जोडीदार भेटला असेल, असं ठरवलं. ऑरिन म्हणाला, डिस्कवर ठसा नक्की उठलाय. पण एका माणसासाठी उठला, चालेल.

१३ ऑक्टोबर

ब्रेक वाजायला लागले. हळू होताना उजव्या पुढच्या चाकातून बारीक किंचाळी येते, बरोबर माझ्या खिडकीखालून. नदीकाठची कुत्री आता माझ्या आधी पेटीपाशी हजर असतात. पेटीवाल्या बायका म्हणतात, बरं झालं, आता हॉर्न नको.

ऑरिन म्हणाला, नव्या पॅडचं असंच असतं. संध्याकाळी चाक काढून सगळं धुतलं, पॅडच्या पाठीला ग्रीस लावलं. आवाज गेला.

सकाळी परत आला.

१७ ऑक्टोबर

आवाजाचा पत्ता लागत नाही. ऑरिनने पॅडच्या क्लिपा बदलल्या. डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा काढला. बोल्ट पुन्हा मापाने आवळले. चाक ज्यावर बसतं त्या हबवरचा गंज खरवडला, डिस्क वाकडी आहे का मापून पाहिली. डिस्क सरळ आहे, सगळं जागच्या जागी आहे. एक गोष्ट दुरुस्त केली की आवाज जात नाही, बदलतो. किंचाळीची घरघर झाली. घरघरीचं आता काहीतरी लांबलचक झालंय, वाऱ्यात कुणी बोलावं तसं. चाकाच्या दर फेरीला एकदा.

डिस्कवर ठसा आहे, काळपट. पॅडच्या आकाराचा असायला हवा. ऑरिन त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला आणि पॉलिश पेपरने घासून काढला. मी विचारलं कसा होता. म्हणाला, ठसा होता, बस. मग जेवताना माझा हात उलटा करून तळवा बघत राहिला.

शीळ बंद झालीय.

२० ऑक्टोबर

आज बर्निसने जीप पोस्टाच्या मागे येताना ऐकली. बाहेर आली ती हातातला चहा तसाच घेऊन. मी थट्टेने म्हटलं की सपाटीवाल्यांना ब्रेक लावता येत नाहीत बघ. ती हसली नाही. ब्रेक कुठे मुरवले विचारलं. घाटात म्हटल्यावर विचारलं, थांबलात? मी सगळं सांगितलं, लाल चौकटींचं जाकीट सांगितलं.

तिने विचारलं, डोक्याला टोपी होती का त्याच्या?

नव्हती म्हटलं. ती म्हणाली, कधी घालायचाच नाही मेला, आई ओरडून ओरडून दमली. तो तिचा भाऊ वेस. बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी साखळ्यांच्या जागेवर कुणी बाई उभी दिसली म्हणून थांबला आणि मदतीला उतरला. ट्रक चालू सापडला, वेस नाही. तेव्हापासून ती बाई कुणाला दिसली नाही. वेस दिसतो. घरच्यांना दिसतो आणि नवख्यांना दिसतो. बर्निस आठवड्यातून दोनदा दुसऱ्या गियरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, भावाच्या समोरून जाते. तो हात वर करतो आणि ती जाते.

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर हसला असतात. खरं आहे. हसलो असतो.

मग तिने विचारलं, तुमच्यापैकी खाली कोण उतरलं होतं?

ऑरिन म्हटलं. बर्निसने आत जाऊन कप काउंटरवर ठेवला, सांडलेला चहा पुसला, कोरडी झालेली जागा पुन्हा पुसली आणि मागच्या खोलीत निघून गेली.

२३ ऑक्टोबर

ऑरिनला सांगितलं. तो म्हणाला, बाईला भावाचं दुःख आहे, आपल्याला आवाजाचं, दोन्ही एकत्र करू नकोस. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

आज नव्या डिस्क घातल्या. आवाज तोच. मग सगळं उपसून जुने ब्रेक परत बसवले, तेच सडके, पुलापाशी दगा देणारे. आवाज तोच. लाल कॅलिपर ओट्यावर पडलेत आणि आवाज गाडीत आहे!

जॅकवर चाक उचलून ऑरिनने हाताने फिरवलं. चाक थांबलं. आवाज दोन फेऱ्या पुढे गेला आणि मग थांबला.

२६ ऑक्टोबर

बर्निसचा पिकअप मागून घेतला. मी एकटीने चालवला तेव्हा चाक गप्प. ऑरिन शेजारी येऊन बसला आणि पहिल्याच वळणावर उजव्या पुढच्या चाकातून ते सुरू झालं. मी उतरायला लावलं, बंद. बसवलं, सुरू. आवाज गाडीचा नाही. इतके दिवस जखम मांडीला आणि मलम शेंडीला चाललं होतं.

तो म्हणतो, त्यात शब्द आहेत. साखळी धर म्हणतो कुणीतरी, एवढं टोक धर.

२९ ऑक्टोबर

मी त्याला घेऊन पळाले. रजा टाकली, सामान भरलं. साखळ्यांच्या जागेवरून दुसऱ्या गियरमध्ये, पाय वर उचलून गेले, त्याचा हात माझ्या हातात घट्ट. लाल जाकीट दिसलं. ऑरिन म्हणाला, बिचाऱ्याला थंडी वाजत असेल. मी थांबले नाही. वडिलांनी शिकवलेलं मोडून मी माणूस मागे सोडला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

घाट उतरलो, पूल ओलांडला, शंभर-दीडशे मैल गेलो. हमरस्त्यावरच्या मोटेलमध्ये राहिलो. मला वाटलं, सुटलो. त्याच्या कुशीत झोपले.

सकाळी खाट रिकामी होती. ऑरिन मोटेलच्या फाटकाशी कडेला उभा होता. डोक्याला टोपी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात वर करून.

त्याला काही आठवत नव्हतं. बोटं निळी पडली होती. मी ती माझ्या कॉफीच्या कपाभोवती धरून ठेवली आणि रडले, सगळ्या लोकांदेखत. तो म्हणाला, मार्लिस, हे नीट केल्याशिवाय मला झोप नाही. घरी चल.

इथून पळून जायचं तरी कुठे? परतलो.

४ नोव्हेंबर

तो खात नाही. जीप उभी असतानाही वाजते आता, परसात. फिरतं काहीतरी. जवळ येतं, लांब जातं, जवळ येतं.

बर्निसला विचारलं, यातून कुणी वाचलंय? ती टपाल लावत राहिली.

७ नोव्हेंबर

शक्य आहे तोवर नीट लिहिते.

ऑरिन म्हणाला, आवाज धरायची एक रीत उरली आहे. गाडी माणसाच्या चालीने चालवायची आणि दुसऱ्याने चाकाशी कान लावून बाजूने चालायचं. पण आवाज जिथे सगळ्यात स्पष्ट येतो तिथेच. मी नाही म्हटलं. पाया पडले. तो म्हणाला, मी तसाही रोज थोडा थोडा जातोच आहे, दिसत नाही का तुला? जाऊ दे एकदा, शोधू दे मला. खाणं सोडल्यापासून पहिल्यांदा त्याला काहीतरी करायचं होतं. मी ठरवलं, ब्रेकला पाय लावायचा नाही. काही झालं तरी नाही.

भर दुपार, लख्ख ऊन, रस्ता कोरडा. साखळ्यांच्या जागेवर कुणी नव्हतं. पहिल्या गियरमध्ये जीप आपली सरपटत होती. तो उतरला, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आला. कान जवळ नेता यावा म्हणून टोपी काढली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर दिली. वाकून, एक हात पत्र्यावर ठेवून चालायला लागला. मला त्याची पाठ दिसत होती. तो शीळ घालत होता.

मग टक टक.

दोन.

माझा पाय दाबला गेला. मी दाबला नाही. चाळीस वर्षं दाबला जातो तसा गेला.

पाठ दिसेनाशी झाली. मी उतरले नाही. हाका मारल्या. खिडकीतून अर्धी बाहेर आले, पत्र्यावर हात आपटले. पण उतरले नाही.

ती टक टक त्याने केली का, हे मला माहीत नाही.

९ नोव्हेंबर

शेरीफ, कुत्री, दोर. दरीत काही नाही.

जीपचे ब्रेक वाजत नाहीत. अगदी गुपचूप लागतात. झाले दुरुस्त.

११ नोव्हेंबर

बर्निस शिजवलेलं घेऊन आली. भांडं खाली ठेवेना. काल घाटातून गेले म्हणाली. मग म्हणाली, नाही दिसला. माझा नाही दिसला.

तिचा चेहरा मोकळा झाला होता. दोन वर्षांचं ओझं उतरलेला चेहरा. तिला त्याची लाज वाटत होती आणि तो तिला लपवता येत नव्हता. ती माझ्याकडे बघू शकली नाही. मला ते भांडं तिच्या अंगावर फेकावंसं वाटलं. मग आम्ही दोघींनी बसून ते खाल्लं. निघताना तिने विचारलं, तुला जमेल ना? दुसरा गियर, पाय वर? मी हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर

कामावर गेले. लोकांची औषधं असतात, पेन्शनचे चेक असतात. घरी तरी काय करू?

तो उभा आहे.

हात वर. डोक्याला काही नाही. टोपी माझ्यापाशी राहिली ना.

पाय वर उचलला. गेले.

१८ नोव्हेंबर

गेले.

माझ्या बाजूलाच उभा असतो. खिडकीच्या बाजूला. पेटीइतका जवळ.

२२ नोव्हेंबर

टोपी नेली. थांबायचं नाही, जाता जाता द्यायची, पेटीत टपाल टाकतात तशी. हात बाहेर काढला. त्याने घेतली नाही. बर्फात पडली. आरशात पाहिलं तर तो तिच्याकडे बघतही नव्हता. माझ्याकडे बघत होता.

त्याला कळत नाहीय मी का थांबत नाही.

२४ नोव्हेंबर

बर्फ गुडघ्याएवढं. माणूस सोडून पुढे जात नाहीत. वैरी असला तरी — आणि मी रोज — येताना-जाताना — नवऱ्याला —

बर्निसला कसं जमलं? दोन वर्षं!

२९ नोव्हेंबर

आज साखळ्यांची जागा अजून आलीही नव्हती. वरच्या वळणावर होते. पत्र्यावर टक टक.

पाय गेला. जीप उभी राहिली. कुणी नाही.

नुसती दोन —

१ डिसेंबर

मुरलेत आता ब्रेक. त्याने बसवलेले लाल परत बसवून घेतले हॉलिसकडून. हॉलिस म्हणाला, पोरी, जाऊ नकोस काही दिवस. पहिल्यांदा एवढं बोलला. टपाल कोण नेणार, म्हटलं.

३ डिसेंबर

थांबले.

ही वही स्टिअरिंगवर धरून लिहितेय. इंजिन चालू आहे. पाय ब्रेकवर, वास येतोय, तोच. सगळं टपाल मागे लावून ठेवलंय, गावाच्या क्रमाने. बर्निस, शेवटची गठडी हॉलिसच्या शेजारणीची आहे, त्यात तिचं इन्सुलिन —

काच खाली केली. ऑरिन आहे. खरंच आहे. भुवयांवर बर्फ. मी म्हटलं, चल, आत बस. तो नाही म्हणाला. साखळीचं एक टोक हातात आहे त्याच्या. म्हणतो एवढं धर ना जरा, एकट्याने होत नाही. किती वेळ हात वर करतोय.

मला माहीत आहे. धरलं की तो जाईल. वेस गेला तसा. कुठे जातात ते मला — बर्निसलाही —

पण तो थंडीत आहे आणि मी गाडीत.

उतरते. दुसरं टोक धरलं की तो मोकळा. मग मी. मग कुणीतरी नवखा येईल, सपाटीवरचा, नियमाचा माणूस. माझी दया येईल त्याला. बर्निस, प्रत्येकाला सांग. हसले तरी सांग. मी हात वर केला तरी, कितीही वेळ केला तरी, माझ्यासाठी कुणी थांबू